आधी कागद, मग वर्ग

वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमाला आले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "ताई, परदेशात इंग्रजी शिकवायला आपल्याला घेतात काय ओ?" घेतात की. मे २०२३ ते मार्च २०२५ अशी दोन शैक्षणिक वर्षं मी थायलंडमध्ये शिकवून आले. पण नुसतं घेणं आणि कायद्यानं घेणं यांत फार अंतर आहे. ते अंतर केवढं आहे, हे मला तिथं राहूनच कळलं.

जाहिराती बघायला लागलं की पहिला शब्द डोळ्यांत भरतो, 'नेटिव्ह स्पीकर'. म्हणजे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशाचा पासपोर्ट असलेला. इंग्रजीत एम.ए. केलं तरी आपण 'नॉन-नेटिव्ह'. त्यामुळे टोइक परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण दाखवावे लागतात. राग आला, तरी परीक्षा दिली. मग पदवीवर राज्य सरकारचा, परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी थाई दूतावासाचा शिक्का. शिवाय पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस क्लिअरन्स. चार महिने गेले आणि बाबांना पतसंस्थेतून कर्ज काढावं लागलं.

त्याच दिवसांत एका एजंटाचा फोन आला. "मॅडम, टूरिस्ट म्हणून या. सोमवारपासून क्लास घ्या. कागदपत्रांचं मागाहून बघू." पगार बरा होता आणि इकडे कर्जाचा हप्ता सुरू झालेला. मी बाबांना विचारलं. बेळगावात राहून मराठी माणसानं कानडीतले फॉर्म भरण्यात त्यांचा जन्म गेलेला. कागदाची किंमत त्यांना कुणी सांगायला नको. ते म्हणाले, "उशीर झाला तर होऊ दे की गं. कागदं घट्ट करून जा." मी एजंटाला नाही म्हणून सांगितलं.

मग 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा आला. तो सुरुवातीला नव्वद दिवसांचा असतो, पुढे वर्षाची मुदत वाढवून मिळते. पण नुसता व्हिसा म्हणजे कामाची परवानगी नव्हे. कामगार खात्याचं वर्क परमिट वेगळं. माझ्या वेळी ती एक निळी पुस्तिका होती. तीत कोणाकडे, कुठे आणि कोणतं काम करणार हे लिहिलेलं. त्याखेरीज शिक्षक परिषदेचा परवाना, किंवा तो मिळेपर्यंत दोन वर्षांची तात्पुरती मुभा. या परिषदेचं नाव खुरुसफा. फलक पहिल्यांदा वाचून घेतला तेव्हा हसूच आलं : ही तर आपली गुरुसभा! पुस्तिका हातात येईपर्यंत शाळेनं मला वर्गात पाऊल टाकू दिलं नाही. ते दिवस मी भाड्याच्या खोलीत थाई लिपी गिरवत काढले. तीही क-ख पासूनच सुरू होते.

गावात आपल्याच देशातला एक मुलगा एका शिकवणी केंद्रात शिकवायचा. तो टूरिस्ट म्हणून आलेला. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचा. दोन महिने त्याला पगार मिळाला नव्हता. "तक्रार कर ना," मी म्हटलं. तो म्हणाला, "कुणाकडे? आधी माझाच गुन्हा सांगावा लागेल." परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, मायदेशी रवानगी, आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही. केंद्रचालकाला हे पक्कं ठाऊक होतं. दारात कुणी गणवेशातला माणूस दिसला की हा मुलगा खडू ठेवून मागच्या खोलीत जायचा. एके दिवशी तो न सांगताच निघून गेला. पगार शेवटपर्यंत मिळाला नाही.

तेव्हापासून मला ते शिक्के त्रासाचे वाटेनासे झाले. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनमध्ये पत्ता कळवायला जाताना माझ्या पोटात कधी गोळा आला नाही. पगारातून न सांगता पैसे कापले तेव्हा मी करार घेऊन कचेरीत गेले आणि पैसे परत घेतले. त्या मुलाला हे करता आलं नसतं.

कागदानं सगळंच सुटतं असं नाही. पालकसभेत एका वडिलांनी माझ्यादेखतच विचारलं, "फरांग बाई नाही मिळाली?" फरांग म्हणजे गोरा माणूस, आपल्या 'फिरंगी'चाच भाऊ. उत्तर मी वर्गातच द्यायचं ठरवलं. शाळा होती नाखोन रात्चासिमाजवळ. आपल्या उच्चारात नगर राजसीमा. सीमाभागातली मी, तिथंही सीमेवरच जाऊन बसले म्हणायची! तिथली कितीतरी मुलं घरी लाओच्या जवळची इसान बोली बोलतात, शाळेत थाई शिकतात, आणि वर इंग्रजी. घरी मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्रजी असं वाढलेल्या मला ती मुलं नवी नव्हती. थाई बोलण्यात शब्दाच्या शेवटी 'स' टिकत नाही, 'बस'चं 'बट्' होतं. थाईत 'ए' आणि 'द' नाहीत, मराठीतही नाहीत. ते कुठे लावायचे हे मी स्वतः पाचवीत रडत शिकले होते, म्हणून मूल कुठे अडतंय ते मला आधीच दिसायचं. वर्षाअखेर त्याच वडिलांनी धाकट्या मुलीला माझ्या तुकडीत घालायला सांगितलं.

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला, म्हणजे गुरुवंदन. मुलांनी गुडघ्यांवर येऊन फुलं दिली. त्यांत वांग्याचं फूल होतं आणि चक्क दूर्वा होत्या.

म्हणून विचारणाऱ्यांना सांगते : जरूर जा. पण करार वाचा, व्हिसाचा प्रकार बघा, परमिट कुणाच्या नावानं निघणार ते विचारा, आणि 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा. माझी दोन वर्षांची मुभा संपली. पुढच्या खेपेला पुरा परवाना घेऊनच जायचं आहे, म्हणून सध्या बेळगावात बी.एड. करतेय.