उल्का कुठे गेली?

मुलांनो, मागे एका रविवारी पुण्याहून माझा डी.एड.चा मित्र, वहिनी आणि त्यांची सहावीतली लेक आमच्या चिखलीला आली होती. "चला, आमचं लोणार दाखवतो!" मी ऐटीत म्हटलं. मेहकरमार्गे आम्ही निघालो.

सरोवराच्या काठावर मी धडाधड माहिती सांगू लागलो. उल्का आदळून काळ्या कातळात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद! तळाशी खारं पाणी, पण वर गोमुखातून गोड्या पाण्याची धार. २०२० साली हे सरोवर गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ही करामत, हे पुण्याच्याच आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसलं.

पोरगी हरखली. मग हळूच म्हणाली, "काका, पण ती उल्का कुठे गेली?"

माझी बोलतीच बंद! इतकी वर्षं वर्गात लोणार शिकवतोय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. काहीतरी ठोकून द्यावं, असंही क्षणभर वाटलं. शेवटी म्हणालो, "बेटा, मला माहीत नाही. शोधून कळवतो."

घरी पुस्तकं धुंडाळली. त्या जबरदस्त धडकेत उल्का बहुतेक सगळी वितळली, तिची वाफ झाली! मागे उरला पुरावा. प्रचंड दाबाने खडकातल्या काही खनिजांची चक्क काच झाली होती. तिला लगेच पत्र टाकलं. सोमवारी वर्गात फळ्यावर तिचाच प्रश्न लिहिला.

तुमच्या गावाजवळ काय आहे? पाहुण्यांना दाखवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारून बघा. आणि सरांना उत्तर आलं नाही, तर हसू नका हं!