अहमदचं घड्याळ

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलसला लागून अर्व्हिंग नावाचं शहर आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या मॅकआर्थर हायस्कूलमधून नववीतल्या एका पोराला पोलिसांनी बेड्या घालून नेलं. पोराचं नाव अहमद मोहम्मद, वय १४, कुटुंब मूळचं सुदानचं. त्याच्या बहिणीने काढलेला फोटो पुढे जगभर फिरला. किडकिडीत मुलगा, डोळ्यांवर चष्मा, अंगात ‘नासा’ लिहिलेला टीशर्ट आणि हात मागे बांधलेले. चेहऱ्यावर भीतीपेक्षा गोंधळ जास्त.

गुन्हा काय, तर त्याने घरी एक डिजिटल घड्याळ जोडलं आणि ते पेन्सिलच्या मोठ्या पेटीत ठेवून शाळेत नेलं. आधी इंजिनिअरिंगच्या शिक्षकांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, असं बजावलं. मला हा सल्ला फार बोलका वाटतो. यात घाबरण्यासारखं काही नाही हे त्या शिक्षकांना कळलं होतं; पण लोक घाबरतील, हेही कळलं होतं. पुढे इंग्रजीच्या तासाला पेटीतून आवाज आला, बाईंनी घड्याळ काढून घेतलं आणि प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. तिथे पोलीस आले. अहमदच्या म्हणण्याप्रमाणे पाच जणांनी त्याची चौकशी केली, वडिलांना फोन करू दिला नाही. त्याला बेड्या घालून नेलं, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. शाळेने वर तीन दिवसांसाठी निलंबित केलं.

आता यातली खरी गोम बघा. शाळा रिकामी केली गेली नाही. बॉम्बशोधक पथक बोलावलं नाही. ज्या वस्तूचा एवढा बाऊ झाला, ती शाळेतच लोकांच्या हातात राहिली. बॉम्बची खरोखर भीती असती, तर मुलांना आधी मैदानात काढलं असतं. म्हणजे हा बॉम्ब नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग आरोप बदलला. बॉम्ब नसेल, तर ‘नकली बॉम्ब’ असेल!

टेक्सासच्या कायद्यात नकली बॉम्ब बाळगणं हा गुन्हा आहे खरा, पण त्यासाठी तसा इरादा लागतो. ही वस्तू स्फोटक आहे असं दुसऱ्याला वाटावं किंवा सुरक्षा यंत्रणांची धावपळ व्हावी, या हेतूने ती बाळगलेली असावी लागते. अहमद काय म्हणत होता? हे घड्याळ आहे. शिक्षकांना, मुख्याध्यापकांना, पोलिसांना, सगळ्यांना एकच उत्तर. त्यावर पोलिसांच्या प्रवक्त्याने माध्यमांना सांगितलं की, तो ते घड्याळ असल्याचंच सांगत राहिला, त्यापलीकडे स्पष्टीकरण देत नव्हता. घड्याळाला घड्याळ म्हटल्यानंतर पलीकडचं स्पष्टीकरण कुठून आणायचं? संशय आधी पक्का झालेला असला की खरं उत्तरही ‘टाळाटाळ’ म्हणून नोंदवलं जातं. आपल्याकडच्या चौकश्यांमधून गेलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दोन दिवसांत पोलिसप्रमुखांनी गुन्हा दाखल करणार नसल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी ओबामांनी ट्विट करून अहमदला घड्याळासह व्हाइट हाऊसला बोलावलं. शहराच्या महापौरबाईंनी मात्र पोलीस आणि शाळेची पाठराखण केली. याच महापौरांच्या काळात, त्याच वर्षी मार्चमध्ये, अर्व्हिंगच्या नगर परिषदेने परदेशी कायद्यांविरोधातल्या विधेयकाला ५ विरुद्ध ४ मतांनी पाठिंबा दिला होता. रोख शरियतकडे होता, हे शहरात सगळ्यांना कळत होतं. (बाई पुढे २०२० मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेल्या.) अशा हवेत अहमद मोहम्मद नावाचा पोरगा तारा जोडलेली पेटी घेऊन वर्गात येतो.

तरीही सगळं खापर एकट्या इस्लामद्वेषावर फोडलं, तर अर्धीच गोष्ट सांगून होते. अमेरिकेतल्या शाळांना ‘शून्य सहनशीलते’चा रोग आधीच जडला होता. १९९४ मध्ये शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढून टाकण्याचा कायदा आला, १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेतला गोळीबार झाला आणि नियम कडक होत गेले. इतके, की २०१३ मध्ये मेरीलँडमध्ये ७ वर्षांच्या मुलाला खायची पेस्ट्री चावून बंदुकीच्या आकाराची केली म्हणून दोन दिवस निलंबित करण्यात आलं. त्याच वर्षी फ्लोरिडात १६ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने शाळेच्या आवारात पाण्याच्या बाटलीत संडास साफ करायचं रसायन आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद घातला. बाटलीचं झाकण उडालं, थोडा धूर झाला, कुणालाही इजा नाही. तिला अटक झाली, शाळेतून काढलं गेलं. आरोप नंतर मागे घेतले.

अशा नियमांचा फायदा असा की, कुणाला डोकं वापरावं लागत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आम्ही नियम पाळला. पोलीस म्हणतात, शाळेने बोलावलं म्हणून आलो. मुलाला ओळखणारा, ‘अहो, हा असाच काहीबाही जोडत असतो’ म्हणणारा माणूस त्या खोलीत नसतो. असला तरी बोलत नाही. आणि नियम सगळ्यांना सारखा म्हणता म्हणता बेड्या कुणाच्या हातात पडतात, तेही बघायला हवं. पेस्ट्रीवाला गोरा मुलगा घरी गेला, ही दोन पोरं पोलिसांच्या गाडीत बसली.

पुढे अहमदच्या घरच्यांनीही काही गोष्टी बिघडवल्या. सुदानचे हुकूमशहा उमर अल-बशीर यांच्यासोबत मुलाला भेटीला नेणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मग दीड कोटी डॉलरची मागणी झाली, विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. कुणी म्हणालं, त्याने बनवलं कुठे, बाजारातलं जुनं घड्याळ उघडून पेटीत बसवलं. समजा, तसंच असेल. त्याने बेड्या योग्य कशा ठरतात? कुटुंब कतारला निघून गेलं. न्यायालयात दावा लढवला, पण भेदभाव दाखवणारी पुरेशी तथ्यं मांडली नाहीत म्हणून न्यायाधीशांनी २०१८ मध्ये तो कायमचा निकाली काढला.

हे सगळं अमेरिकेत घडलं म्हणून सुस्कारा टाकायचं कारण नाही. उदगीरपासून बिदर फार लांब नाही. तिथल्या एका शाळेत जानेवारी २०२० मध्ये मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटक केलं. त्यातल्या वाक्यांवरून थेट राजद्रोहाचा गुन्हा लागला. मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई तुरुंगात गेल्या, पोलीस दिवसेंदिवस शाळेत येऊन लहान मुलांना प्रश्न विचारत राहिले. गणवेशातल्या पोलिसांनी मुलांची अशी चौकशी करण्यावर उच्च न्यायालयाने नाराजी व्यक्त केली आणि जून २०२३ मध्ये राजद्रोहाचा गुन्हा रद्द केला. एक फरक मात्र मोठा आहे. बिदरमध्ये शाळा मुलांच्या बाजूने होती, म्हणून शाळाच आरोपी झाली. अर्व्हिंगमध्ये शाळेनेच मुलाला हवाली केलं.

माझी धाकटी बहीण उदगीरला असते. तिचा मुलगा आठवीत आहे. जुन्या मोबाइलचे, रेडिओचे भाग जमवून काहीतरी करत बसणं हा त्याचा उद्योग. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने दार उघडलं की वाजणारा अलार्म केला. बहिणीने फोन करून विचारलं, “भाईजान, हे शाळेत नेऊ देऊ का? तारा बाहेर दिसतात.” तिला अर्व्हिंग ठाऊक नाही, अहमद ठाऊक नाही. तरी तारांचं तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, ने म्हणावं, फक्त सरांना आदल्या दिवशी सांगून ठेव आणि वाटेत सेल काढून ठेव. पलीकडून भाच्याचा आवाज आला, “मामू, सेल काढले तर ते वाजणार कसं?”