टिकलीखालचा डाग

वैशाखात बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसला असाल, तर खिडकीच्या गजाला हात लावण्याची सोय नसते, हे आपणांस ठाऊक असेल. पारा ४५ अंशांकडे झुकलेला, दोन्ही बाजूंस नांगरून ठेवलेली काळी राने. मूर्तिजापूर गेल्यावर समोरच्या आजींनी पदराने कपाळ टिपले. टिकली सरकली आणि तिच्याखाली दुधासारखा पांढरा डाग दिसला. मी डॉक्टर आहे हे कळताच त्यांनी हळूच विचारले, "हा महारोग त नाही ना जी?"

दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, त्या अमरावतीच्या मुलखातही ही भीती शिल्लक आहे. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, आणि ते स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा मंदावते. कोडावर कापसाचा बोळाही नीट कळतो. (वऱ्हाडात कापसाला काय तोटा!)

मग रंग का जातो? १९६२ साली रितोसा या इटालियन संशोधकाने, अधिक उष्णतेत राहिलेल्या फळमाशीच्या पेशींत ठरावीक जनुके जागी झालेली पाहिली. त्यांपासून बनणारी ती तापाघात प्रथिने. उष्णतेप्रमाणेच रसायन वा इजा यांच्या ताणाखालीही पेशी ती बनवतात. आतील इतर प्रथिने सावरून धरणे हे त्यांचे काम. परंतु त्वचेतील रंगपेशींवर ताण आला की त्यांतील एचएसपी ७० हे प्रथिन बाहेर पडते. प्रतिकारयंत्रणा त्यास धोक्याची हाक समजते, आणि मुळात तशी प्रवृत्ती असलेल्या देहात संरक्षक पेशी रंगपेशींवरच चालून जातात. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या प्रथिनातील एकच घटक बदलून उंदरांचा गेलेला रंग परत आणला. माणसांसाठी ते औषध अद्याप प्रचारात नाही.

वऱ्हाडच्या उन्हाने कोड होते, असा अर्थ मात्र काढू नये. पांढरा भाग उन्हात लवकर भाजतो, म्हणून तो झाकावा, इतकेच. आजींच्या बाबतीत माझा संशय टिकलीमागच्या गोंदावर होता. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायन रंगपेशींना मारक ठरते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाबरोबरच नाडीची जागा आणि रबरी चपलेचे पट्टेही पाहावेत. डाग दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा, थायरॉईडची तपासणी करावी. उपचाराने रंग परतू शकतो. चेहऱ्यावर तर बरेचदा परततो.

अकोला आले. आजींनी टिकली काढली. ती कुठे ठेवावी हे त्यांना क्षणभर सुचेना. मग खिडकीच्या चौकटीवर चिकटवून त्या उतरल्या.