पंखाखालचे दुखणे

आमच्या घरची तांबडी कोंबडी एका पावसाळ्यात अंडी घालीनाशी झाली. दाणे टाकले तरी ती कोपऱ्यात पिसे फुगवून बसे. “ही कोंबी आळसावली,” असे आईने म्हटले आणि आम्हीही मान डोलाविली. रविवारी तिची रवानगी चुलीवर व्हावयाची होती!

शनिवारी सहज तिला उचलून पाहिले, तो पंखाखाली फिकट पिवळ्या उवा धावत होत्या. शेपटीच्या बुडाशी, पिसांच्या मुळांना लिखांचे पांढरे झुबके लागलेले. अंगणात सर्वत्र चिखल. बिचारीने धुळीत लोळून अंग स्वच्छ करावे तरी कोठे?

पशुवैद्यांनी दिलेली भुकटी पिसांत मुरविली, खुराडे झाडून काढले, कोरड्या पडवीत चाळलेल्या राखेची पाटी ठेविली. तरी आठव्या दिवशी उवा पुन्हा दिसल्या. भुकटीने लिखा मरत नाहीत. त्या ४ ते ७ दिवसांत फुटतात. म्हणून दहाव्या दिवशी भुकटी पुन्हा लाविली. महिन्याभराने खुराड्यात एक अंडे दिसले.

वर्गात पेंगणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी आता आम्हांस तो शनिवार आठवतो.