पाठकोरा

आपल्यापैकी बहुतेकजणी घरात काही म्हणून वाया जाऊ देत नाहीत. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, दुधाची पिशवी विसळून, वाळवून ठेवली जाते. पण हीच बाई कामाच्या ठिकाणी गेली की तिला काय होतं कोण जाणे! पंखा चालूच, एका ओळीच्या निरोपाला अख्खा कागद, चहा प्यायला की कप टोपलीत. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या शिक्षक-खोलीत आम्ही अठराजण आहोत, त्यात तेरा बायका, सगळ्या घरी काटकसरी. तरी संध्याकाळी तिथली टोपली शिगोशीग भरलेली!

याचं एक कारण उघड आहे. घरातलं वाया गेलं तर ते आपल्या पाकिटातून जातं, शाळेतलं ‘संस्थेचं’ असतं. दुसरं कारण जरा नाजूक आहे. घरात जिचं ‘काटकसर’ म्हणून कौतुक होतं, तिलाच चारचौघांत ‘कद्रूपणा’ म्हणतात. “बाई, घरचा हिशेब इथे नको हं!” असं कुणी हसत म्हणालं की आपण गप्प बसतो.

पण हा कागद संस्थेचा असतो तरी का? आमच्याकडे चाचण्यांच्या छापील पत्रिकांसाठी पालकांकडून वर्षाला दोनशे रुपये वेगळे घेत असत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तीनदा सांगूनही ते आणले नाहीत. चौथ्यांदा तिची आईच आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पदराची गाठ सोडून तिने शंभराची नोट काढली. “उरलेले पुढल्या महिन्याला चालतील का, बाई?” माझ्या टेबलावर त्याच चाचणीच्या प्रतींचा गठ्ठा होता. कागदाच्या एकाच बाजूला छपाई, दुसऱ्या पानावर जेमतेम दोन प्रश्न आणि खाली सगळं कोरं. हे कोरे कागद तिच्या पदरातून विकत घेतलेले होते.

त्या रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी हिशेब मांडला. वर्गात मुलं ५२, विषय सहा, प्रत्येक पत्रिकेला दोन कागद. म्हणजे एका चाचणीला, एका वर्गाला ६२४ कागद, सव्वा रीम! पाठपोट छापले तर ३१२. रिमेवर ‘७५ जीएसएम’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी सांगितला. एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम, आणि ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. त्या मापाने ५०० कागदांची रीम २ किलो ३०० ग्रॅमहून थोडी जास्त भरते, आणि आमचा एक वर्ग एका चाचणीत जवळजवळ तीन किलो कागद संपवतो. वाण्याकडचे तीन किलो तांदूळ आपण कसे निवडून-पाखडून घेतो!

हा कागद घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “पाठपोट छापलं की मुलं मागचे प्रश्न सोडून देतात.” हे अगदीच खोटं नव्हतं. मग पहिल्या पानाच्या शेवटी ‘मागे पाहा’ असं ठळक छापायचं आणि पत्रिका वाटताना तोंडीही सांगायचं ठरलं. पहिल्या चाचणीत माझ्या वर्गातल्या दोघांनी तरीही मागचं पान पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी कुणाचं राहिलं नाही.

एका बाजूने छापून उरलेल्या कागदांना आपल्याकडे किती छान शब्द आहे, पाठकोरा! आमच्या लहानपणी घरोघरी पाठकोऱ्या कागदांची वही शिवलेली असे; दूधवाल्याचा हिशेबही तीतच. आता आमच्या कपाटात पाठकोऱ्या कागदांचा एक खण आहे. कच्ची टिपणं, निरोप, मुलांची आकडेमोड, सगळं त्यावरच. अनुभवाने कळलेल्या गोष्टी सांगते. टाचणी आणि पिना आधी काढाव्यात. दुमडलेला कागद छपाईच्या यंत्रात घालू नये, अडकतो आणि दुरुस्तीत बचत जाते. ज्यावर मुलांचे गुण, पत्ते किंवा आधार क्रमांक आहेत तो कागद पाठकोरा म्हणून वापरूच नये. तो बारीक फाडून टाकावा.

कपांचं प्रकरण मात्र अवघड निघालं. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या कपांवर बंदी आली तेव्हा आम्ही कागदी कप आणले आणि सुटलो असं वाटलं. पण त्या कपाला आतून प्लॅस्टिकचं पातळ अस्तर असतं. म्हणून तर चहा झिरपत नाही, आणि म्हणूनच रद्दीवाला तो घेत नाही. शिवाय तळाशी राहिलेला चहा सांडून टोपलीतला चांगला कागदही भिजतो. माणसं अठरा, चहा दोनदा, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे ८६४ कप! घरून कप आणावेत असं म्हटलं, तर पहिला प्रश्न आला, “विसळणार कोण?” आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या शिपाई मावशींकडे वळल्या. मी म्हटलं, ज्याचा कप त्याने विसळावा. गणिताचे सर पहिल्याच दिवशी नळाशी उभे राहिले, त्यांचे उपकार! बाकीच्या चार पुरुषांना महिना लागला.

आता खरी अडचण सांगते. ती मला सुरुवातीपासून ठाऊक होती आणि म्हणूनच झोप लागत नव्हती. टोपलीतली रद्दी मावशींची, असा आमच्याकडचा जुना रिवाज. पोती साठवून त्या दिवाळीआधी विकत, नातीला फ्रॉक त्यातूनच येई. आम्ही कागद वाचवला म्हणजे कुणाचा पैसा कमी झाला? जिला सगळ्यांत कमी पगार तिचाच ना! मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाई, टोपली हलकी लागते हल्ली.”

पुण्यात कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली उभी राहिली, त्यात बहुतांश बायकाच. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा नेऊ लागली. तिथे बायकांना कचरा गोळा करण्याच्या कामाचे पैसे घरागणिक मिळतात, विकलेल्या भंगाराचे वेगळे. हे मला पटतं. आमच्या उधळपट्टीवर कुणाची दिवाळी अवलंबून असावी, यापेक्षा कामाचा मोबदला द्यावा. मोठ्या बाई म्हणाल्या, अंदाजपत्रकात असं खातंच नाही. पण चहाचा फंड आम्हा शिक्षकांचा आहे. रुपयाला एक कप पडत होता, ते ८६४ रुपये वाचले. त्यातले सहाशे दरमहा मावशींना, ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याचे. रद्दीचे पैसे त्यांचेच. दोघीजणी अजून कुरकुरतात, “मग कपही त्यांनीच विसळावेत की!” त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे, नाही.

यंदा जूनपासून पत्रिकांचे दोनशेचे दीडशे झाले. मला शंभर हवे होते. पुरवण्यांचा प्रश्नही राहिलाच आहे. दोन ओळी लिहून अख्खी पुरवणी जोडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यासाठी पुन्हा मोठ्या बाईंकडे जायचं आहे.

मावशींनी दोन टोपल्या केल्या आहेत. परवा कुणीतरी कागदांच्या टोपलीत केळ्याचं साल टाकलं. मावशींनी ते उचललं, खोलीभर नजर फिरवली आणि ज्या बाईंच्या डब्यात केळं होतं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, पाठकोऱ्या कागदावर.