पाय टेकले तिथे

जॉली बॉय बेटाजवळच्या समुद्रात मी जिवंत प्रवाळावर उभी राहिले आणि त्याची एक फांदी माझ्या पायाखाली मोडली. त्या क्षणी मी घाबरले होते, हे खरं. पण ज्या चुकांमुळे घाबरायची वेळ आली, त्या सगळ्या पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच झाल्या होत्या. म्हणून त्या लिहून ठेवते आहे.

अंदमानला आम्ही गेलो ते मुळात सेल्युलर जेल बघायला. सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहून झालं, आणि मग एक दिवस समुद्रासाठी ठेवला होता. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरच्या धक्क्यावरून सकाळी बोटी सुटतात. १९८३ साली स्थापन झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान इथलंच. खारफुटीच्या कडेकडेने बोट जाते, मग समुद्र मोकळा होतो. धक्क्यावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक जाऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत घेतात. बेटावर वस्ती नाही, टपरी नाही. वर्षातले काही महिने ते पर्यटकांसाठी बंद असतं आणि त्या काळात जवळचं रेड स्किन बेट उघडतात. ही शिस्त मला फार आवडली. इथे आपण पाहुणे आहोत, हे मला मनापासून पटलेलं होतं. तरीही पुढचं सगळं माझ्याच हातून झालं.

गाईडने विचारलं, "मॅडम, तैरना आता है?" मी लगेच हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. मी माहुलीला कृष्णेत पोहायला शिकले, पाठीला भोपळा बांधून. पण नदीतलं आमचं पोहणं म्हणजे डोकं वर, नजर काठावर, आणि दमलं की पाय खाली सोडून तळ चाचपायचा. स्नॉर्केलिंगला नेमकं उलट लागतं. चेहरा पाण्यात, अंग आडवं सैल, पाय जवळजवळ स्थिर. मला पाण्यात हालचाल करता येत होती. पाण्यावर निवांत पडून राहायला मी कधी शिकलेच नव्हते. गाईड बाकीच्यांना हवेने भरलेली रिंग धरायला देत होता आणि ओढत नेत होता. मी ती नाकारली. पोहता न येणाऱ्यांमध्ये आपली गणना होऊ नये, एवढंच त्यामागे होतं.

दुसरी गोष्ट चष्म्याची. माझा नंबर उणे चार. चष्मा काढून मास्क लावला की हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धूसर होतं. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, हे मला माहीत होतं. निघण्याआधी चौकशी केली नाही. आणि गाईडला नंबर सांगितलाही नाही. ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण त्याला माहीत असतं तर त्याने मला नजरेआड होऊच दिलं नसतं.

मास्क गळत होता. कपाळावरच्या केसांची एक बट रबराच्या कडेखाली अडकली होती. केस मागे सारायचे, तर मी पट्टा आणखी आवळला. पट्टा जास्त आवळला की रबर वाकडं बसतं आणि पाणी आणखी शिरतं.

पाण्यात उतरल्यावर थोडा वेळ बरा गेला. मग मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी आलं. मी भराभर, उथळ श्वास घ्यायला लागले. नळीतून तसा श्वास घेतला की सोडलेलीच हवा बरीचशी परत आत येते, जीव आणखी घुसमटतो. उपाय साधा असतो : नळीत जोराने फुंकर मारायची, मग सावकाश, खोल श्वास. त्या घटकेला मला तो आठवला नाही. डोकं वर काढलं, अंग उभं झालं आणि पायांनी लहानपणापासूनच्या सवयीचं तेच केलं. ते खाली गेले. काहीतरी लागलं, मी त्यावर भार टाकला, आणि ते कट्‌कन मोडल्याचं तळव्याला कळलं.

पाण्याखालच्या त्या खडबडीत वस्तूला आपण सहज खडक म्हणतो. तिच्या पृष्ठभागावर हजारो इवले प्राणी राहतात. त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल असतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्राण्याला पोसतं. समुद्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी काही आठवडे जास्त तापला, तरी हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असं विरंजन झालं. त्यातून जे वाचतं ते पुन्हा हळूहळू वाढतं. घुमटासारखे मोठे प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. फांद्यांचे प्रवाळ भराभर वाढतात, हे मी नंतर वाचलं, पण त्याने मला दिलासा मिळाला नाही. तापलेल्या समुद्रापुढे मी काय करणार, असं म्हणता येतं. माझ्या पायाबद्दल तसं म्हणता येत नाही.

गाईड पोहत आला. रागावला नाही. "पहले बोलतीं तो रिंग दे देता," एवढंच म्हणाला. मी रिंग धरली, केस मागे सारून मास्क नीट बसवला, आणि मग खरं पाहणं सुरू झालं. पोपटमासा मला हिरव्या-निळ्या डागासारखाच दिसत होता, पण प्रवाळाचा पृष्ठभाग कुरतडताना होणारा त्याच्या दातांचा करकर आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येत होता. प्रवाळी किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो.

नडगीवर ओरखडे उठले होते. मी ते नुसते पुसले. प्रवाळाचे बारीक कण जखमेत राहतात, ती लगेच गोड्या पाण्याने नीट धुवावी लागते. माझी घरी आल्यावर चिघळली. पाठ भाजली होती ती वेगळीच. पोहताना पूर्ण बाह्यांचा कपडा घातला असता तर अंगाला चोपडलेलं सनस्क्रीनही समुद्रात गेलं नसतं. प्रवाळाला अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली. माझ्या ट्यूबवर काय लिहिलंय, ते मी वाचलंही नव्हतं.

नंतर साताऱ्यात तलावावर मी नळी तोंडात धरून नुसती पालथी पडून राहायला शिकले. नंबरचा मास्क घेतला. मग मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरायच्या आधी तिथल्या गाईडला सगळं सांगितलं : नदीत पोहते, समुद्राची सवय नाही, चष्मा आहे, घाबरले की पाय खाली सोडते, तेव्हा खोल पाण्यावरच ठेवा. त्याने होडी थोडी पुढे घ्यायला सांगितली आणि रिंग माझ्या हातात दिली.