न दिसणारे वादळ

मराठी राजवटीच्या खुणा आजही जपणाऱ्या तंजावर नगरीत निरभ्र रात्री उत्तरेकडे पाहिले, तर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश उंचीवर दिसतो. ज्या प्रकाशाचे नावच ध्रुवाशी जोडलेले आहे, तो इतक्या दक्षिणेस दिसावा तरी कसा?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांतील काही कणांना ध्रुवप्रदेशांकडे नेते. उंच वातावरणातील ऑक्सिजन व नायट्रोजन यांवर ते आदळले, की आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलावू लागतात. हाच ध्रुवीय प्रकाश. तंजावर मात्र चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ वसलेले आहे.

तंजावरकराला स्वदेशातच हा प्रकाश पाहायचा असेल, तर लडाखमधील हानले गाठावे लागेल. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील तेथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी १० मे २०२४ च्या रात्री प्रबळ सौरवादळाच्या वेळी क्षितिजालगतची तांबडी आभा टिपली. अशी संधी विरळाच. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. डाग वाढलेल्या काळात, विशेषतः मार्च व सप्टेंबरच्या सुमारास, चांदणे नसलेल्या रात्री ती साधण्याची शक्यता अधिक. तरीही नुसत्या डोळ्यांना ती आभा फिकटच भासते.

हानलेचा प्रवास प्रत्येकाला परवडणारा नाही. परंतु सौरवादळ कोणाचेही घर वगळत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर मुंबईच्या आकाशातही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्याहून मोलाची नोंद २ सप्टेंबर १८५९ ची. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय उपकरणांची मापे एकाएकी विलक्षण घसरली. निरीक्षकांनी ती डोळ्यांनी वाचून वहीत उतरवली. युरोप-अमेरिकेत तेव्हा तारायंत्रे बिघडत होती. कुलाब्यात भर दिवस होता आणि आकाशात पाहण्यासारखे काहीच नव्हते. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मापनात व्यत्यय येईल, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली.

त्या वहीतील आकड्यांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता पुन्हा अजमावली. आज तसे वादळ आले, तर वीजवाहिन्या आणि कृत्रिम उपग्रह संकटात सापडतील; म्हणूनच हे आकडे आजही अभ्यासले जातात. प्रकाशाचा सोहळा दूरच्या देशांच्या वाट्याला आला. कुलाब्याच्या वाट्याला आली ती केवळ हलणारी मापे आणि ती चुकवू न देणारी निष्ठा. जगाच्या उपयोगी पडली ती हीच निष्ठा.